रोह्याहून पाच-नऊ

आयुष्यात मला पूर्ण गुण मिळाले ते फक्त रेडिओवर. शाळेत, बी.एड.ला आणि पुढे सासरी मी काठावर पास होत आलो. पण रोज संध्याकाळी साडेसहाला रोह्याहून माझे साडू मला पाच-नऊ देत, आणि पाच-नऊच्या वर काही नसतं.

ज्यांना हा छंद नाही त्यांच्यासाठी सांगतो. हॅम रेडिओवर दोन माणसं बोलू लागली की आधी एकमेकांच्या आवाजाला गुण देतात. पहिला आकडा बोलणं किती समजलं त्याचा, एक ते पाच. दुसरा लहरीच्या जोराचा, एक ते नऊ. पाच-नऊ म्हणजे समोर बसून बोलल्यासारखं. एरियल नीट लागलंय का, केबलमध्ये पाणी शिरलंय का, हे समोरच्याला कळावं म्हणून ही पद्धत निघाली. प्रत्यक्षात हे गुण लग्नपत्रिकेतल्या आग्रहाच्या निमंत्रणासारखे सरसकट वाटले जातात. एखाद्याला दोन-तीन देणं म्हणजे त्याच्या घरी जेवून उठताना आमटी अळणी होती असं सांगणं. मी पेणच्या एका शाळेत इतिहास शिकवत असे, आणि कुणाला पासष्टच्या वर गुण दिले की मला चुकल्यासारखं वाटे. रेडिओवर मात्र ज्याचा आवाज आला त्याला मी पाच-नऊ देत असे, आणि ज्याचा नीट आला नाही त्यालाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत ते शिफ्टचे साहेब होते. भला माणूस, पण बोलणं कायम व्यासपीठावरून केल्यासारखं. चहात साखर हवी का, असं विचारलं तरी ते आधी घसा साफ करत. दोघी बहिणी निडीच्या. घरची भातशेती, भातानंतर त्याच जमिनीत वाल. एकीला रोह्यात दिली, एकीला पेणला, आणि दोघींच्या मध्ये निडी, नागोठणे, कासू ही स्टेशनं आणि बरेचसे डोंगर राहिले.

त्यांची आई शेवटची दोन वर्षं थोरलीकडे होती. एका पावसाळ्यात सकाळी ती गेली. आमच्याकडे फोन नव्हता. थोरलीनं आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात फोन केला आणि दुकानदार म्हणाला, आत्ता सांगतो. त्यानंतर त्याच्याकडे गिऱ्हाईक आलं, मग माल आला, मग तो जेवायला गेला. निरोप आमच्या दारात आला तेव्हा दुपार कलली होती. आम्ही एसटीनं रोह्याला पोचलो तेव्हा माणसं सगळं आटोपून कुंडलिका नदीवरच्या स्मशानातून परत येत होती.

बायकोनं भांडण केलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिच्या मनात बसलं की ताईनं मुद्दाम उशिरा कळवलं; आईचं सगळं मी केलं, तू कशाला हवीस, असा त्याचा अर्थ. ताईच्या मनात बसलं की निरोप वेळेवर गेला होता, आणि ही घरची कामं आवरून सावकाश आली. तेव्हापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. निडीला भावाकडे काही कार्य निघालं की एकाच पंगतीत बसून तिसऱ्या बाईमार्फत एकमेकींना भात हवा का विचारत.

रेडिओची कल्पना साडूंची. त्यांच्या कंपनीत कुणीतरी हॅम रेडिओचं प्रात्यक्षिक केलं होतं आणि ते भारावून परत आले होते. पेण-रोहा थेट संपर्क राहिला तर पुन्हा असा प्रसंग येणार नाही, असं त्यांनी मला फार गंभीरपणे सांगितलं. आम्ही दोघांनी परवान्याची परीक्षा दिली. ते पहिल्या खेपेला पास झाले, मी दुसऱ्या. मोर्सची, म्हणजे तारयंत्राच्या कडकट्टची, परीक्षा न देणाऱ्यांना तेव्हा फक्त व्हीएचएफवर बोलता येई. दूरदेशी जाणाऱ्या लहरी मोर्सवाल्यांच्या. आम्हाला जवळच्या. मी लोकांना सांगत असे की व्हीएचएफ हे मी विचारपूर्वक निवडलेलं क्षेत्र आहे.

सभा-समारंभ, कोनशिला, सत्कार यांची मी जन्मभर टिंगल केली. माणसाला स्वतःचं एखादं फालतू पद मिळेपर्यंत अशी टिंगल सोपी असते. परवाना आला आणि आठवड्याच्या आत मी फाटकावर माझ्या कॉलसाइनची पाटी लावली. ती वाचून पोस्टमननं विचारलं की इथे कुठली कंपनी निघाली काय. मी कार्डंही छापून घेतली. ज्याच्याशी आपण बोललो त्याला पोचपावती म्हणून असं कार्ड पाठवायची या छंदात रीत आहे. माझ्या कार्डावर पृथ्वीचा गोल होता आणि पेणच्या जागेवरून चहू खंडांकडे विजा निघत होत्या. त्यातली एक वीज बहुधा शेजारच्या वडखळपर्यंत जात असावी.

कारण व्हीएचएफची लहर सरळ जाते, नजरेसारखी, आणि मध्ये डोंगर आला की थांबते. हे मला आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाईंनी स्टाफरूममध्ये फळ्यावर चित्र काढून दाखवलं होतं. मी त्यांना म्हणालो की बाई, डोंगरांनी माणसाला कधी अडवलेलं नाही. इतिहासाच्या शिक्षकानं, तेही या जिल्ह्यात राहून, असं म्हणायला नको होतं. इथला निम्मा इतिहास डोंगरांनी माणसांना अडवल्याचाच आहे.

गच्चीवर पाण्याच्या टाकीला पाइप बांधला, त्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचं एरियल चढवलं आणि नकाशावर पट्टी ठेवून ते बरोबर रोह्याकडे रोखलं. साडूंनी तसंच पेणकडे रोखलं. पहिल्या संध्याकाळी मी कॉल दिला. सेटमधून खरखर आली, आणि खरखरीच्या तळाशी एक आवाज, पितळी डब्यात तोंड घालून कुणी भाषण करावं तसा. त्यातलं 'पाच-नऊ' तेवढं मला ओळखू आलं.

मला गहिवरून आलं. मीही त्यांना पाच-नऊ दिले. साडूंचं स्टेशन कमकुवत आहे हे मला त्याच दिवशी कळलं होतं, पण बिचाऱ्यांना कशाला दुखवा. माझं स्टेशन जोरदार होतं, हे तर त्यांनीच सांगितलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असतील, हा प्रश्न मला पडला नाही.

असं वर्षभर चाललं. आधी मी माझं सांगायचं: आजची हवा, सेटमध्ये केलेले फेरफार, मग शाळेतल्या चार गोष्टी. मग त्यांनी त्यांचं सांगायचं. खरखरीतून चारातला एखादा शब्द हाती लागे. आवाज थांबला की मी म्हणायचो, "छान, छान. अभिनंदन. असंच चालू राहू द्या." पुन्हा सांगा असं मी कधी म्हणालो नाही. म्हणालो असतो तर आधीचे सगळे पाच-नऊ खोटे ठरले असते. गल्लीत माझा भाव वाढला होता. एका शेजाऱ्यानं विचारलं की रोजच्या रोज एवढं काय बोलता हो साडूशी, आणि मी हसून म्हणालो की तांत्रिक असतं.

बायको या सगळ्याला डबा म्हणत असे. मी बोलायला बसलो की ती दाराशी येऊन उभी राही, हातात निवडायचं काही घेऊन. तिला खरखरच ऐकू येई, पण तिची समजूत होती की कानाला सवय झालेल्या माणसाला त्यातलं कळत असणार. ही समजूत मीच करून दिली होती. ती ऐकत असे ते वेगळ्याच कारणानं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. एकदा तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं की तिकडे मागे ताईचा आवाज येतो काय. मी म्हणालो, मायक्रोफोनची रचनाच अशी असते की मागचे आवाज येत नाहीत. हे मी त्या क्षणी रचलं होतं.

जानेवारीत वालाच्या शेंगा भरल्या. आमच्याकडे या दिवसांत पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा आणि जाडं मीठ, वरून पुन्हा पाला कोंबायचा, मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, लाकडं पेटवायची. पोपटी एकट्यानं खायची गोष्ट नाही. कुणाला बोलावलं, यावरून माणसाचे संबंध कळतात. एका संध्याकाळी बायको दाराशी आली. या खेपेला हातात काही नव्हतं.

"तुमच्या त्या डब्यावरून ताईला सांगा. रविवारी पोपटी लावतेय, दोघं या म्हणावं. मी बोलावलंय म्हणावं."

दीड वर्षात तिनं ताईला धाडलेलं हे पहिलं बोलावणं. शहाण्या माणसानं लगेच बटण दाबलं असतं. मी तिला नियम सांगितला. हॅम रेडिओवर परवानाधारकांनी आपापसांत बोलायचं. तिसऱ्या माणसाचे निरोप द्यायचे-घ्यायचे नाहीत.

"मग काय सांगता येतं?" तिनं विचारलं.

"हवामान. यंत्रांची माहिती."

"मग हवामान म्हणून सांगा."

तेव्हा मी रोह्याला कॉल दिला आणि सांगितलं की येत्या रविवारी संध्याकाळी पेणचं हवामान पोपटीला अतिशय अनुकूल राहणार आहे, तरी ते पाहण्यासाठी आपण उभयतांनी यावं, आणि हा अंदाज माझा नसून घरातून आलेला आहे. माझ्या मते हे वाक्य कायद्याच्या दृष्टीनं निर्दोष आणि भाषेच्या दृष्टीनं सुंदर होतं. उत्तर आलं. खरखर, भाषण, खरखर, आणि मग बरंच स्वच्छ: "पाच-नऊ. सगळं मिळालं. नक्की, नक्की."

ते 'नक्की' तिनंही ऐकलं. ती आत गेली आणि माळ्यावरची मडकी काढू लागली.

रविवारी गावाबाहेर भूगोलाच्या बाईंच्या शेतात आम्ही दोन मडकी लावली. बाईंच्या घरची माणसं होती, गल्लीतली दोन कुटुंबं होती. बायको दर थोड्या वेळानं रस्त्याकडे पाहत होती. पहिलं मडकं उघडलं, शेंगांचा वास सुटला, लोक गोल करून बसले. दुसऱ्या मडक्याला तिनं कुणाला हात लावू दिला नाही. ताई आली की उघडू, म्हणाली. संध्याकाळची गाडी येऊन गेली. शेवटी अंधार पडायला लागला तेव्हा बाईंनीच ते मडकं काठीनं बाजूला ओढलं. आतल्या शेंगा खालपासून वरपर्यंत करपल्या होत्या. बाईंनी त्या मुकाट्यानं गोठ्याकडे नेल्या.

घरी आल्यावर तिनं पायावर पाणी घेतलं आणि मला विचारलं, "तिला कळलं होतं ना?"

या प्रश्नाला दोन उत्तरं होती. एक असं, की कोण जाणे. मला तिकडचं धड ऐकू येत नाही, आणि माझं तिकडे जातं की नाही देव जाणे. या उत्तरात बहिणीचा काही दोष नव्हता, फक्त माझं स्टेशन, माझी पाटी आणि माझी कार्डं निकालात निघत होती. दुसरं उत्तर मी दिलं.

"पोचलं होतं. स्वच्छ. पाच-नऊ."

ती मान हलवून आत गेली. तिच्या दृष्टीनं हिशेब सरळ होता. निरोप पोचला, नक्की येतो असं उत्तर आलं, आणि ताई आली नाही. म्हणजे आईच्या वेळचंही मुद्दामच होतं. माझ्या एरियलची अब्रू राखण्यासाठी मी तिच्या बहिणीची घालवली होती. हे मला त्याच वेळी दिसत होतं. मी स्वतःला सांगितलं की सोमवारी रेडिओवर साडूंना विचारून घेऊ. सोमवारी मी विचारलं, रविवार कसा गेला. उत्तर आलं, पाच-नऊ.

गुरुवारी ती म्हणाली, शनिवारी दुपारच्या गाडीनं मी रोह्याला जाते.

"कशाला?" मी विचारलं.

"तिच्या तोंडावर विचारायला. पत्र नको, डबा नको. मी बोलावलं आणि तू आली नाहीस, ते का, एवढंच. मग पुन्हा तिच्या दारात जायची नाय."

एरवी ती शुद्ध बोले. निडीचं 'नाय' तोंडात आलं की प्रकरण गंभीर असे. मी म्हणालो की मीही येतो. ती म्हणाली, तुम्ही कशाला, तुम्ही हवामान बघा.

शनिवारी ती गेली. संध्याकाळी साडेसहाला मी सेटपुढे बसलो. बसावं की बसू नये याचा मी बराच विचार केला होता, पण न बसण्याचं कारण साडूंना कळवायला माझ्याकडे रेडिओशिवाय साधन नव्हतं. मी कॉल दिला. आज तिकडच्या घरात काय चाललंय, हे विचारायची सोय नव्हती, म्हणून हवेबद्दल बोललो. थंडी आहे, म्हणालो. आकाश निरभ्र आहे, म्हणालो. माझा आवाज तिकडे कसा येतोय, असं नेहमीप्रमाणे विचारलं आणि बटण सोडलं.

खरखर. पितळी डबा. "पाच-नऊ..."

आणि मग मध्येच काहीतरी आपटलं, खुर्ची सरकल्यासारखा आवाज आला, आणि सेटमधून माझी बायको बोलली. साडू मायक्रोफोन हातभर लांब धरून सभेला उद्देशून बोलत. तिनं तो बहुधा तोंडाला लावला होता. वर्षभरात रोह्याहून आलेलं मला पूर्ण समजलेलं हे पहिलं बोलणं.

"अहो, इथं तुमचा आवाज येत नाय. काय पण येत नाय. नुसता डास बोलतोय. आणि भावजी तुम्हाला पाच-नऊ देतायत."

विनापरवाना माणूस माझ्या फ्रिक्वेन्सीवर बोलत होता. नियमाप्रमाणे मी तत्काळ प्रक्षेपण थांबवायला सांगायला हवं होतं. मी बटण दाबून म्हणालो, "पुन्हा सांगा." हे शब्द त्या सेटवर मी पहिल्यांदाच उच्चारत होतो. अर्थात तेही तिकडे पोचले नाहीत.

रोह्याच्या घरात त्याआधी काय घडलं, ते मला तिनं नंतर सांगितलं. ती दारात उभी राहिली तेव्हा ताईनं तिला आत ये म्हटलं नाही. ही पोपटीचं विचारायच्या आधी ताईनंच सुरुवात केली.

"दिवाळीत यांचा हात मोडला. यांनी रोज रेडिओवर सांगितलं. आणि तुझ्या घरून काय आलं? अभिनंदन. असंच चालू राहू द्या. मग मी कशाला बोलू गो तुझ्याशी?"

साडू गच्चीवरून पडले होते, एरियल फिरवताना. माझा आवाज येत नाही हे मला सांगायला त्यांना जड वाटत होतं, म्हणून ते माझ्या नकळत वर चढून तो यावा अशी व्यवस्था करू पाहत होते. शिडी घसरली, डावं मनगट मोडलं. ते मला त्यांनी सांगितलं, बरेच दिवस सांगितलं, आणि मी बरेच दिवस अभिनंदन केलं. 'अभिनंदन' तेवढं त्यांना कळलं, कारण ते मी फार जोर देऊन म्हणत असे. निडीच्या मेव्हण्याला अपघात ठाऊक होता, पण त्याला वाटलं, हे दोघे रोज संध्याकाळी बोलतात, आपण वेगळं काय कळवायचं. रेडिओ नसता तर चौथ्या दिवशी आम्हाला कळलं असतं.

बायकोनं पोपटीचं विचारलं. ताई म्हणाली, कसली पोपटी. साडूंना विचारलं, तर ते घसा साफ करून म्हणाले की त्या दिवशीचं सगळं मिळालं होतं. काय मिळालं होतं, असं दोघींनी मिळून विचारलं. दोघी मिळून काहीतरी करत होत्या, हे तेव्हा दोघींच्याही लक्षात आलं नसावं. साडूंनी पुन्हा घसा साफ केला. तेवढ्यात साडेसहा वाजले, सेट खरखरू लागला, आणि प्रात्यक्षिक सर्वांसमोर झालं.

मी रविवारी सकाळच्या गाडीनं रोह्याला गेलो. वाटेत एक लहानसं भाषण जुळवलं होतं, त्यात हवेतल्या लहरींच्या मर्यादांचा उल्लेख होता. ते ऐकायला कुणी मोकळं नव्हतं. दोघी स्वयंपाकघरात होत्या आणि ताई आईची ती सकाळ सांगत होती. आदल्या रात्रीपासून सांगत होती म्हणे. आई उठली किती वाजता, पेज घेतली का, कुणाचं नाव काढलं का, फोन लावायला ताई कुणाच्या घरी गेली, दुकानदार काय म्हणाला, आणि 'आत्ता सांगतो' म्हणाला म्हणून ती निर्धास्त होऊन परत आली. बायको मधूनमधून काहीतरी विचारी आणि ताई तेवढंच पुन्हा पहिल्यापासून सांगे. मी दारात आलो तेव्हा दोघी गप्प झाल्या आणि मी बाहेर जाईपर्यंत गप्प राहिल्या. आईनं शेवटी काय म्हटलं, ते मला बायकोनं आजपर्यंत सांगितलेलं नाही. मी तिसरा माणूस असल्यामुळे ते नियमात बसत नसावं.

आम्हा दोघांना गच्चीवर पाठवण्यात आलं. साडूंचं मनगट जरा वाकडं बसलं होतं. मी म्हणालो, फार वाईट झालं. ते म्हणाले, छे, आता पाच-नऊ आहे. मग आमच्या लक्षात आलं की काय बोललो, आणि आम्ही दोघेही एरियलकडे पाहू लागलो. एरियलची चाचणी घ्यायची इच्छा होती, पण दोघेही एकाच गच्चीवर असल्यामुळे ती घेता येईना. (पुढे काही महिन्यांनी आम्हाला असं सापडलं की दोघांनी एरियल एकमेकांकडे न रोखता पूर्वेला, सह्याद्रीच्या कड्याकडे वळवली तर लहर तिकडे आपटून कशीबशी पोचते. तीन-चार. कधी तीन-पाच. आम्ही तेवढेच देतो. भूगोलाच्या बाईंना मी हे अजून सांगितलेलं नाही.)

दुपारी ताईनं जाहीर केलं की पोपटी राहिलीय, ती आजच लागेल, आणि पेणच्या शेंगांचा काही भरवसा नाही म्हणून शेंगा रोह्यातून न्यायच्या. बायको म्हणाली, पेणच्या शेंगांना काय झालंय. ताई म्हणाली, करपतात. मला वाटलं, झालं, पुन्हा सुरू झालं. पण बायको हसत होती आणि पिशवी पुढे धरत होती.

आम्ही चौघं पेणच्या गाडीत बसलो. डबा रिकामाच होता. दोघी एका बाकावर, मध्ये शेंगांची पिशवी, आणि बोलणं निडीच्या आधी सुरू झालेलं ते निडी गेलं तरी चालू. आपलं माहेरचं स्टेशन आलं आणि गेलं, याकडे दोघींनीही पाहिलं नाही. समोरच्या बाकावर मी आणि साडू गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो. वर्षभर रोज न चुकता बोललेली आम्ही दोन माणसं, आणि आता एकमेकांचा आवाज स्वच्छ येणार होता, तर बोलायला काही सुचेना.

नागोठणे गेल्यावर साडूंनी घसा साफ केला. या खेपेला ते हळू बोलले, बायकांना ऐकू जाणार नाही असं.

"राग मानू नका, पण तुम्ही रोज सांगायचात काय हो?"

विचारल्याबद्दल मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी खिडकीकडे सरकून नीट बसलो आणि पहिल्या संध्याकाळपासून क्रमानं सांगायला सुरुवात केली: सेट कसा आणला, टाकीला पाइप कसा बांधला, त्या दिवशी हवा कशी होती. कासू यायच्या आत साडूंची मान खिडकीच्या गजाला टेकली आणि ते घोरू लागले. मी पेण येईपर्यंत सांगत राहिलो. मला त्याची सवय होती.